शेतातून थेट भाजी: आमचा पहिला डाव फसला, दुसऱ्यासाठी सल्ला हवा

शेजारीण (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज धागा काढायची वेळ आली.

आमच्या इमारतीतल्या चौदा घरांनी ठरवलं की भाजी, फळं, अंडी थेट लहान शेतांवरून मागवायची. दोन शेतकरी मिळाले, दोघंही गाडीने तासाभराच्या अंतरावर. व्हॉट्सॲपवर गट काढला. ज्याला जे हवं ते त्याने गटावर लिहायचं, मी यादी करून पुढे धाडायची, शनिवारी सकाळी सातला टेम्पो दारात. पाच आठवडे चाललं. सहाव्या आठवड्यात गाडं रुतलं.

यादी शुक्रवारी रात्री अकरापर्यंत चालूच. "माझं अर्धा किलो वाढवा", "कालचं रद्द", "पालक कोवळा असेल तरच दोन", आणि या सगळ्याच्या मधे कुणाच्या तरी भाचीच्या नाचाचा व्हिडिओ. त्यातून मी आकडे उपसायचे. एकदा गुरुवारी शेतकऱ्याला अंदाजे चाळीस जुड्या सांगून ठेवल्या आणि शुक्रवारी रात्री बेरीज केली तर एकतीस. नऊ जुड्या माझ्या ओट्यावर. मी आणि नवरा दोघंच घरात, तीन दिवस पालक.

हे सगळं सोसलं असतं. पण गेल्या शनिवारी पालक आला तो गोणीत ठासून. वरच्या जुड्या टवटवीत. मधोमध हात घातला तर आत गरम. कोमट नाही हो, चांगला उबदार, नुकतंच कुणी अंथरुणातून उठावं आणि गादी लागावी तसा. दुपारपर्यंत मधल्या जुड्या पिवळ्या पडून चिकट झाल्या. नऊ घरांनी फोटो टाकले. शेतकऱ्याला फोन केला तर तो म्हणतो, माल ताजाच काढलाय. टेम्पोवाला म्हणतो, मी वेळेत आणलाय. दोघंही खोटं बोलत असतील असं मला वाटत नाही.

आता निम्मी घरं म्हणताहेत, सोडा हा नाद, कोपऱ्यावरचं दुकान बरं. तुमच्यापैकी कुणी असं चालवलंय का? कुठे चुकतंय आमचं?

शंकासुर

आधी एक विचारतो, रागावू नका. हे सगळं कशासाठी? कोपऱ्यावरच्या दुकानात जुडी हातात धरून बघता येते. तुम्ही न बघता मागवता, वर यादी करता, वर पस्तावता. हौसेला मोल नाही म्हणतात ते खरं, पण हौसेला वेळापत्रक तरी असावं.

शेजारीण

@शंकासुर, चवीसाठी. पहिल्या आठवड्यात टोमॅटो आले होते, ते कापल्यावर स्वयंपाकघरभर वास सुटला. बाकी सगळी कारणं मी लोकांना सांगते, माझं स्वतःचं हे एकच.

वाफा

मी पलीकडच्या बाजूचा माणूस. भाजी पिकवतो, थोड्या कोंबड्या आहेत, गेली काही वर्षं माल थेट घरांना देतो.

ताई, एकच हिशेब करून बघा. यादी रात्री अकराला बंद. टेम्पो सातला तुमच्या दारात. वाट तासाभराची, म्हणजे शेतावरून सहाला निघाला. भरायला अर्धा तास धरा. साडेपाच. मग पालक कापला कधी? अंधारात? एवढ्या जुड्या कापायच्या, पिवळं पान निवडायचं, बांधायच्या, एकट्या माणसाचे दोन तास सहज जातात.

त्याला विचारा. भांडू नका, नुसतं विचारा.

नुसताच_वाचक

वाफा यांनी पोलिसी खाक्या काढला. खुर्ची घेऊन बसलो आहे.

भिंग

काढणीनंतर मालाचं काय होतं, हेच माझं रोजचं काम, म्हणून जरा लांबण लावतो.

पालक कापला म्हणून तो मेला नाही. पान जिवंत असतं आणि श्वास घेत असतं. साठवलेली साखर जाळायची, प्राणवायू घ्यायचा, कर्बवायू, पाणी आणि उष्णता बाहेर टाकायची. शेतात ही उष्णता वाऱ्यावर निघून जाते. गोणीत ठासून भरली की ती जाणार कुठे? मधल्या जुडीला चहूबाजूंनी दुसऱ्या जुड्यांचं पांघरूण. ती तापते, तापली की श्वास आणखी वेगाने चालतो, त्यातून आणखी उष्णता. ढोबळ नियम असा की तापमान १० अंश सेल्सिअसने वाढलं की श्वसनाचा वेग दुप्पट ते तिप्पट होतो. म्हणजे उन्हात कापलेला पालक पहाटे कापलेल्या पालकापेक्षा किती तरी भराभर म्हातारा होतो, आणि गोणीत घातला की ते म्हातारपण धावतच येतं. तुमच्या हाताला लागलं ते हेच.

मोठ्या बागायतीत काढणी झाली की सगळ्यात आधी ही शेतातली ऊब काढतात: गार पाण्यात बुडवून किंवा गार हवा खेळवून. पालेभाजीला शून्य अंशाच्या आसपासची थंडी आणि भरपूर दमट हवा मानवते. लहान शेतकऱ्याकडे शीतगृह नसतं, पण पहाट असते आणि सावली असते. पहाटे कापायचं, लगेच सावलीत न्यायचं, गार पाण्याचा हबका मारायचा, निथळू द्यायचं आणि भोकांच्या क्रेटमध्ये उभं, सैल लावायचं. वर ओलं फडकं. गोणी नको. खर्च फक्त क्रेटचा, आणि ती परत जातात.

अवांतर: क्रेट परत जातात असं म्हटलं, पण दरवेळी दोन कुणाच्या तरी गॅलरीत कुंड्या होऊन बसतात, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

टोपलीभर

भिंग, दंडवत. आमच्याकडे एकाच खोक्यात रात्रभर सफरचंदं आणि काकड्या ठेवल्या होत्या, दुसऱ्या दिवशी काकड्या पिवळ्या. तेही श्वासाचंच प्रकरण का?

भिंग

नाही, तो इथिलीन. पिकणारं फळ हा वायू सोडतं आणि शेजाऱ्यालाही म्हातारं करतं. सफरचंद, केळं, पिकता टोमॅटो हे सोडणारे. काकडी, ब्रोकोली, पालेभाजी, गाजर हे सोसणारे. काकडी पिवळी पडते, गाजर चक्क कडू होतं. गाजर कडू निघालं की लोक शेतकऱ्याला दोष देतात, आणि गुन्हेगार त्याच पिशवीतलं सफरचंद असतं.

याचा शोध गंमतशीर लागला. रस्त्यावरच्या गॅसच्या दिव्यांच्या गळक्या नळ्यांजवळची झाडं अवेळी पानं गाळत. सेंट पीटर्सबर्गच्या प्रयोगशाळेत डिमिट्री नेल्युबोव्हच्या वाटाण्याची रोपं वेडीवाकडी वाढू लागली, तेव्हा त्याने माग काढला आणि १९०१ मध्ये दाखवून दिलं की दिव्याच्या गॅसमधला इथिलीन हा उपद्व्याप करतोय. फळं स्वतःच तो तयार करतात हे बऱ्याच वर्षांनी कळलं.

तेव्हा वाटप करताना फळांचं खोकं वेगळं. घरी नेल्यावरही वेगळं. टोमॅटो फ्रिजमध्ये नको, साधारण १२ अंशांच्या खाली त्याचा वास मरतो आणि तो परत येत नाही. शेजारीणताई, ज्या वासासाठी एवढा खटाटोप केलात तो फ्रिजमध्ये घालवू नका. बटाटा अंधारात ठेवा, उजेडात हिरवा पडतो आणि हिरवा भाग खाऊ नये. गाजराचा पाला आल्याबरोबर काढून टाका. दिसतो छान, पण गाजरातलं पाणी ओढून घेतो.

शेजारीण

विचारलं.

शुक्रवारी दुपारी तीनला कापला होता. उन्हात. अंदाजाने. गोणीत भरून रात्रभर पडवीत. आधीचे पाच आठवडे निभावले कारण आभाळ होतं, गेल्या शुक्रवारी कडक ऊन पडलं.

मी म्हटलं, अहो मग सांगायचं नाही का, यादी लवकर द्या म्हणून? तर म्हणाला, "तुम्ही गिऱ्हाईक. तुम्हाला किती वेळा नाही म्हणणार?"

हे वाक्य मला जरा लागलं. दोन दिवस गटावर काही लिहिलं नाही.

वाफा

लावून घेऊ नका. तो अनुभवाने बोलला. आम्ही एकदा नाही म्हटलं की पुढच्या आठवड्यात फोन येत नाही, म्हणून सगळ्याला हो म्हणायची सवय लागते.

तुमची पद्धत उलटी करा. आत्ता तुम्ही मागता आणि तो जमवतो. त्याऐवजी शेतात काय तयार होतंय ते त्याने आधी सांगायचं आणि तुम्ही त्यातून निवडायचं. मी बुधवारी सकाळी वाफ्यातून एक फेरी मारतो, शनिवारपर्यंत काय काढणीला येईल ते लिहितो: पालक तीस जुड्यांपर्यंत, काकडी वीस किलो, टोमॅटो थोडेच. घरं गुरुवारी रात्री आठपर्यंत लिहितात, त्यानंतर कुलूप. शुक्रवारी मी माणूस सांगतो, क्रेट धुतो. शनिवारी पहाटे कापणी. आणि माल दारात सातला नव्हे, दहाला. तुमचं सातचं खूळ कुणाचं आहे?

दुसरं, माप. एक घर "अर्धा किलो पालक" लिहितं, दुसरं "दोन जुड्या", तिसरं "नेहमीसारखं". नेहमीसारखं म्हणजे किती हे त्या घरालाही आठवत नसतं. माप शेतकऱ्याने ठरवावं आणि सगळ्यांनी त्याच मापात लिहावं. पालक जुडीत, टोमॅटो किलोत, अंडी सहाच्या पटीत. आणि गटावर गप्पांमधे यादी नको, वेगळा तक्ता करा ज्यात ज्याने त्याने आपल्या ओळीत आकडा भरायचा. बेरीज आपोआप होते, भाचीचा नाच दुसरीकडे होतो.

उत्तरायण

वाफा म्हणतात ते जवळजवळ जसंच्या तसं मी फिनलंडमध्ये बघितलं आहे. तिथे २०१३ मध्ये थॉमस स्नेलमन नावाच्या शेतकऱ्याने रेको नावाची पद्धत सुरू केली. फेसबुकवर त्या त्या भागाचा बंद गट. पिकवणारा लिहितो काय आहे, किती आहे, काय भावाने आहे. ज्याला हवं तो खाली लिहितो. पैसे थेट पिकवणाऱ्याला, मधे कुणी नाही, गट चालवणारे स्वयंसेवक. पुढे ती स्वीडन, नॉर्वेतही पसरली.

मला त्यातली बघण्यासारखी गोष्ट वाटली ती वाटपाची. ठरलेला वार, ठरलेली गाड्या लावायची मोकळी जागा, आणि जेमतेम तासभर. शेतकरी गाडीचं मागचं दार उघडून उभे. लोक हातात यादी घेऊन एका गाडीवरून दुसऱ्या गाडीवर. सगळं आधीच विकलेलं असतं, त्यामुळे घासाघीस नाही, हाकाटी नाही, आणि शेतकरी रिकामी गाडी घेऊन परत जातो. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दहा मिनिटं उशीर झाला होता तर अंडीवाली बाई फोन करून विचारत होती, येताय ना? नंतर कधी उशीर केला नाही.

नेहमीच्या बाजारात शेतकरी आधी कापतो आणि मग गिऱ्हाईक शोधतो. उरलं ते वाया किंवा पडत्या भावात. इथे आधी गिऱ्हाईक, मग विळा. शेजारीणताई, तुमच्या नऊ जुड्या ओट्यावर आल्या त्या या दोन्ही पद्धतींची खिचडी झाल्यामुळे.

शंकासुर

मी परत आलो. दोन शंका.

एक, "जवळचं खा, पृथ्वी वाचवा" हे प्रकरण. वेबर आणि मॅथ्यूज यांचा २००८ चा अमेरिकेतला अभ्यास बघा. अन्नामुळे होणाऱ्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात ८३ टक्के वाटा पिकवण्याचा, सगळ्या वाहतुकीचा ११ टक्के, आणि त्यातही उत्पादकापासून दुकानापर्यंतच्या शेवटच्या टप्प्याचा ४ टक्के. म्हणजे तुम्ही काय खाता याने जेवढा फरक पडतो तेवढा ते किती लांबून आलं याने पडत नाही. थंड प्रदेशात तापवलेल्या काचघरातला जवळचा टोमॅटो लांबच्या उघड्या शेतातल्या टोमॅटोपेक्षा जास्त इंधन खाऊ शकतो. आणि चौदा घरांनी चौदा गाड्या काढून शेतावर जायचं ठरवलं तर बोलायलाच नको.

दोन, तो माणूस स्वतः पिकवतो कशावरून? घाऊक बाजारातून आणून "आमच्या शेतातलं" म्हणणारे कमी नाहीत.

शेजारीण

पहिलीला माझ्याकडे उत्तर नाही आणि हवंही नाही. मी आधीच लिहिलंय, टोमॅटोचा वास.

नुसताच_वाचक

दुसऱ्या शंकेवर थोडा इतिहास, कारण ती फार जुनी आहे. सिएटलमध्ये १९०६-०७ च्या सुमाराला कांद्याचे भाव अचानक कैक पटींनी चढले. पिकवणारा म्हणे मला मिळत नाही, खाणारी म्हणे मला परवडत नाही, संशय मधल्या दलालांवर. १७ ऑगस्ट १९०७ ला नगरपालिकेने पाइक प्लेस बाजार उघडला, शेतकऱ्याने गाडा आणावा आणि थेट विकावं म्हणून. पहिल्या दिवशी मोजकेच गाडे आले, लोटली ती गर्दी, आणि माल बघता बघता संपला. बाजार अजून चालू आहे.

न्यूयॉर्कमध्ये १९७६ ला ग्रीनमार्केट सुरू झालं, पहिल्या दिवशी बारा शेतकरी. तिथला पाया म्हणजे जे पिकवलं तेच विकायचं, आणून विकायचं नाही. असा नियम करायचा म्हणजे शेतावर जाऊन बघणाराही ठेवावा लागतो, कागदावरच्या नियमाला कोण विचारतो.

वाफा

शंकासुरांची दुसरी शंका रास्त आहे, मलाही तिचा त्रास होतो, कारण तसले लोक आमचंच नाव खराब करतात.

शेतकऱ्याला "तुमच्याकडे काय आहे" असं विचारू नका, "या आठवड्यात काय नाही" असं विचारा. खरा पिकवणारा धडाधडा सांगेल: काकडीवर भुरी आली, टोमॅटोचा पहिला तोडा संपला, दुसरा पंधरा दिवसांनी. ज्याच्याकडे बारा महिने सगळं आहे तो व्यापारी. व्यापारी असणं गुन्हा नाही, पण मग तसं म्हणावं. मी कधी कधी शेजारच्या शेतातला माल घेतो, आणि तसं यादीत लिहितो.

अंड्यांवरूनही कळतं. दिवस लहान व्हायला लागला की कोंबडी अंडी कमी करते. तिला चौदा तासांच्या वर उजेड लागतो. दिवे लावले नाहीत तर थंडीत माझी अंडी निम्म्याच्या खाली येतात. वर्षभर मागाल तेवढी "मोकळ्या कोंबडीची" अंडी कुणी देत असेल तर दिवे कुठे आहेत ते विचारा. आणि अंडी आल्याबरोबर धुऊन ठेवू नका, कवचावर नैसर्गिक लेप असतो तो जातो. वापरायच्या वेळी धुवा.

टोपलीभर

एकत्र येऊन खात्री करण्याची रीतही आहे. सहभागी हमी पद्धत म्हणतात. २००४ मध्ये ब्राझीलमधल्या टोरेस गावी या विषयावर जगभरच्या लोकांची बैठक झाली आणि ही कल्पना जोर धरू लागली. प्रमाणपत्राचा खर्च लहान शेतकऱ्याला पेलत नाही, म्हणून शेजारचे शेतकरी आणि खाणारे मिळून शेतावर जातात, बघतात, विचारतात, लिहून ठेवतात. चौदा घरांतून दोघं वर्षातून दोनदा गेले तरी पुरे. नुसतं फोटो काढायला जाऊ नका, खताची पोती कुठे ठेवलीत तेही बघा.

पण मला खरं म्हणजे वेगळंच सांगायचं आहे. तुम्ही सगळे आठवड्याच्या ऑर्डरीवर बोलताय. आम्ही त्याच्या पुढे जाऊन हंगामाचा वाटा घेतला. जपानमध्ये याला तेइकेइ म्हणतात. तिथल्या सेंद्रिय शेती संघटनेची स्थापना १९७१ ची, आणि १९७८ मध्ये त्यांनी तेइकेइची दहा तत्त्वं मांडली. त्यात एक असं की ठरवून पिकवलेला माल खाणाऱ्याने सगळा घ्यायचा, आणि दुसरं असं की भाव दोघांनी एकमेकांचं बघून ठरवायचा. अमेरिकेत १९८६ मध्ये मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायरमधल्या दोन शेतांवर अशीच पद्धत सुरू झाली, पेरणीच्या आधी पैसे भरायचे आणि पीक येईल ते वाटून घ्यायचं.

कागदावर वाचून मी भारावले. आम्ही सहा घरांनी हंगामाचे पैसे आधी दिले. मग मुळा आला. पुढच्या आठवड्यात मुळा. सलग पाच आठवडे मुळा, हो. किसून, शिजवून, पिळून, भाजून. पाचव्या आठवड्यात टोपली उघडली आणि धाकटा रडायलाच लागला.

शंकासुर

यालाच मी म्हणत होतो हौस.

टोपलीभर

थांबा, पूर्ण ऐका. हंगाम संपेपर्यंत टिकलो आम्ही, आणि पुढच्या वर्षीही घेतला. फरक एवढाच केला की वाटपाच्या जागी एक रिकामं क्रेट ठेवलं. ज्याला मुळा नको त्याने त्यात टाकायचा आणि त्यातलंच दुसरं काही उचलायचं. मुळ्याचं प्रेम असलेलं एक घर निघालं की हो! दर आठवड्याला सगळ्यांचा मुळा घेऊन जायचे.

शेतकऱ्याशीही बोललो. त्याने सांगितलं की सगळा मुळा एकाच दिवशी पेरला होता. पुढच्या वर्षी दहा-दहा दिवसांच्या अंतराने थोडा थोडा पेरला. हे त्याला आम्ही शिकवलं नाही, त्याला माहीतच होतं. पण घाऊक बाजारात एकदम गाडीभर न्यावं लागतं, म्हणून एकदम पेरायची सवय.

वाफा

टोपलीभर, हे अगदी खरं. बियाणं, खत, मजुरी, सगळा खर्च पेरणीच्या आधी आणि पैसा काढणीनंतर. मधले महिने उसनवारीवर. हंगामाआधी थोडी रक्कम हातात आली तर उसनवारी टळते.

पण शेजारीणताईंना मी आत्ताच ते सुचवणार नाही. गारपीट झाली तर रिकामी टोपली हसत घ्यायची तयारी लागते, आणि ती ओळख वाढल्याशिवाय येत नाही. गरम पालकावर नऊ घरांनी फोटो टाकले, ती घरं गारपिटीला काय टाकतील?

भिंग

घाईत एक राहिलं. थेट शेतातून म्हणजे आपोआप निर्धोक असं समजू नका. कच्चं दूध घेत असाल तर तापवल्याशिवाय पिऊ नका. पाश्चरीकरणाला ७२ अंशांवर १५ सेकंद किंवा ६३ अंशांवर ३० मिनिटं लागतात, घरी सरळ उकळलेलं बरं. मध वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात नको, कितीही शुद्ध असला तरी. आणि कच्ची खायची पानं वाहत्या पाण्याखाली धुवा. सेंद्रिय खत म्हणजे शेवटी शेणच.

शेजारीण

अडीच आठवड्यांनी वृत्तांत. उशीर झाला, माफी.

पद्धत उलटी केली. बुधवारी रात्री शेतकरी यादी टाकतो, गुरुवारी आठला तक्ता बंद. पहिल्या गुरुवारी आठ वाजून सात मिनिटांनी तळमजल्यावरच्यांचा फोन, "एकच जुडी हो." नाही म्हटलं. छाती धडधडत होती. त्या आता लिफ्टमध्ये बोलत नाहीत, पण या गुरुवारी पावणेआठलाच आकडा भरला.

माल साडेनऊ-दहाला येतो. त्यापायी तीन घरं गळली, त्यांना शनिवारी सकाळी बाहेर पडायचं असतं. अकरा राहिली. क्रेट विकत घेतली, सगळ्यांत वर्गणी काढून. फळांचं खोकं वेगळं. टोपलीभर यांचं अदलाबदलीचं क्रेटही ठेवलंय, त्यात आत्तापर्यंत सगळ्यात जास्त वांगी जमली आहेत. त्यांचं प्रेम असलेलं घर अजून निघालेलं नाही.

पहिल्या शनिवारी टेम्पो आला तेव्हा सगळ्यांच्या आधी मी क्रेटमध्ये हात घातला. पार तळापर्यंत. गार होतं. बोटांना पाणी लागलं. शेतकरी स्वतः आला होता, बघत होता. काही बोलला नाही.

जमलं नाही ते असं: दर आठवड्याला एक-दोन घरं न्यायला येतच नाहीत. पिशव्या जिन्याखाली पडून राहतात, मी संध्याकाळी वर पोचवते.

उत्तरायण

पोचवणं बंद करा. आमच्याकडे तासाभरात न नेलेला माल तिथे असेल त्याला वाटून टाकायचे, पैसे मात्र मागवणाऱ्याचेच.

शेजारीण

तेवढं धाडस येईल पुढच्या महिन्यात. लिफ्टमध्ये अजून किती जणांशी अबोला परवडेल ते बघते आहे.

बरं, आज दुपारी शेतकऱ्याचा मेसेज आला. "उद्या परवा जोराचा पाऊस आहे. पालक चिखलाने भरेल, शनिवारी देणार नाही. पुढच्या शनिवारी." मी विचारलं नव्हतं, त्याने स्वतःहून सांगितलं. खाली "चालेल ना?" वगैरे काही नाही.

शंकासुर

मग या शनिवारी काय?

शेजारीण

गाजर. पाला काढून.